साठविलेले पाणी आणि डास

सांगली जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, तर त्याच्या पश्चिम टोकास शिराळा आणि पूर्व टोकास जत हे दोन तालुके दिसतात. जिल्हा एकच, पण दोहोंचे दैव निराळे. शिराळ्याच्या डोंगरांवर पाऊस मुसळधार कोसळतो आणि भाताची खाचरे तुडुंब भरतात. जतच्या वाट्यास मात्र पर्जन्यछायेतील उरलासुरला पाऊस येतो. दूरवर पसरलेले माळ, त्यांवर चरणारे माडग्याळी मेंढ्यांचे कळप, ज्वारी-बाजरीची शेते आणि वर्षाचे बहुतेक महिने कोरडे पडलेले ओढे, असे या प्रदेशाचे रूप आहे. डफळे घराण्याचे हे जुने संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर राज्यकारभार पालटला, रस्ते झाले, वीज आली. अलीकडच्या काळात म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणीही तालुक्याच्या काही भागांत पोहोचविले. तथापि उन्हाळा आला, की अनेक वाड्यावस्त्यांवरील लोकांचे डोळे अजूनही टँकरच्या वाटेकडे लागतात.

अशा कोरड्या मुलखात डास कोठून असणार, असे कोणासही वाटेल. डास म्हटले, की दलदल, भातखाचरे, तुंबलेली गटारे हीच आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु जत तालुक्यातील एखाद्या घराच्या कट्ट्यावर सायंकाळी बसून पाहावे. दिवेलागण झाली, की कानाशी तीच परिचित गुणगुण सुरू होते. मराठी बोलणारा 'डास' म्हणून हातावर चापट मारतो. शेजारचा कानडी बोलणारा 'सोळ्ळे' म्हणून पायावर मारतो. सीमेवरच्या या गावांत भाषा दोन. पण शत्रू एकच!

या शत्रूचे घर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ते बहुधा आपल्याच अंगणात असते. ज्या गावी नळास चार-आठ दिवसांनी पाणी येते, तेथील गृहिणी पाणी साठविल्यावाचून संसार करूच शकत नाही. स्वयंपाकघरात हंडे-घागरी, ओसरीवर माठ, न्हाणीजवळ पिंप, परसात सिमेंटचा हौद, गोठ्याजवळ गुरांची डोण, अशा नाना ठिकाणी ती पाणी राखून ठेवते. ही त्या घराची ठेवच होय. परंतु या ठेवीवर आणखी कोणी तरी टपून बसलेले असते. डासाला नदी लागत नाही, तलाव लागत नाही. फुटक्या करवंटीतील ओंजळभर पाणीही त्याला पुरते. म्हणून दुष्काळ पडला, तरी डासांचा नायनाट होत नाही. उलट, टंचाईमुळे माणूस अधिक दिवस पाणी साठवितो आणि नकळत डासांची सोय करून देतो. पाण्याच्या तुटवड्यातून डास वाढावेत, ही गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु ती खरी आहे. ती नीट समजण्यासाठी डासाची जीवनकथा जाणून घेतली पाहिजे.

अंडी, अळी, कोष आणि पूर्ण वाढलेला डास, अशा चार अवस्था डासाच्या जीवनात असतात. अळी आणि कोष या अवस्था पाण्यातच पार पडतात. पिंपाचे झाकण काढून पाहिले, तर कधी कधी पाण्यात बारीक दोऱ्यासारखे जीव वळवळताना दिसतात. त्याच डासाच्या अळ्या होत. श्वास घेण्यासाठी त्या पृष्ठभागाशी येतात आणि जरा सावली पडली, की झपाट्याने तळाकडे पळतात. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस लागतात. हा आकडा ध्यानात ठेवावा. डासाविरुद्धच्या साऱ्या लढाईची किल्ली त्यातच आहे.

डासांतील नर माणसास चावत नाही. तो फुलांतील मधुरस व वनस्पतींचा रस शोषून जगतो. मादीही आपल्या उपजीविकेसाठी असेच रस घेते. परंतु अंडी तयार होण्यासाठी तिला प्रथिने हवी असतात आणि ती तिला रक्तातून मिळतात. म्हणजे जी आपणांस चावते, ती आपल्या संततीच्या चिंतेत असलेली माता असते! भर अंधारातही ती माणसास बरोबर शोधून काढते. आपल्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वायू ती दुरून ओळखते आणि जवळ आल्यावर घामाचा गंध व अंगाची ऊब यांच्या मागाने अचूक कातडीवर उतरते. खेळून घामाघूम झालेल्या मुलाभोवती डास अधिक का घोंघावतात, हे यावरून कळून येईल.

मादीची सोंड वरून एकाच सुईसारखी दिसते. पण तिच्या आवरणात सहा अतिसूक्ष्म अवयव असतात. काहींनी ती कातडी कापते, एकातून लाळ सोडते आणि एकाने रक्त ओढून घेते. ही लाळ मोठी कामाची असते. तिच्यामुळे रक्त गोठत नाही आणि सुरळीत वाहत राहते. मात्र आपल्या शरीरास हा परका पदार्थ खपत नाही. शरीरातील रक्षक पेशी लागलीच हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे त्या जागच्या केशवाहिन्या रुंदावतात, लाल गांधी उठते आणि खाज सुटते. सारांश, खाज ही डासाने मागे ठेवलेली वस्तू नव्हे. आपल्या शरीराने केलेल्या प्रतिकाराची ती खूण आहे.

खाज सुटली, की नखांनी खाजविण्याचा मोह होतो. तो आवरणे हाच पहिला उपचार होय. खाजविल्याने त्या जागेला आणखी चेव येतो, कातडी सोलते आणि नखांतील मळ आत शिरून जखम पिकते. त्यापेक्षा ती जागा साबण व स्वच्छ पाणी यांनी धुवावी आणि थंड पाण्यात भिजवून पिळलेली फडक्याची घडी काही मिनिटे तीवर ठेवावी. बर्फ असल्यास तो फडक्यात गुंडाळून लावावा. उघडा बर्फ कातडीवर धरू नये. चिमूटभर खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून त्याचा लेप दहा मिनिटे ठेवला व मग धुऊन टाकला, तरी आराम पडतो. औषधाच्या दुकानात मिळणारे कॅलामाइनचे मलमपाणीही खाज शमविते. काही घरांतून गांधीवर पानाचा चुना लावण्याची रीत आहे. ती सोडून द्यावी. चुन्याने कोवळी कातडी भाजते आणि दुखण्यात भर पडते. लहान मुलांची नखे कापलेली असावीत, म्हणजे झोपेत खाजविले तरी इजा होत नाही. सूज फार वाढली, जागा पिकली किंवा अंगभर गांधी उठून श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, तर मात्र घरगुती उपचारांत वेळ न दवडता वैद्यकीय मदत घ्यावी.

परंतु खाज ही डासाच्या उपद्रवातील सर्वांत लहान गोष्ट आहे. दोन दिवसांत ती विसरली जाते. डास एकाचे रक्त शोषून दुसऱ्यास चावतो आणि तसे करताना एकाचा रोग दुसऱ्याच्या शरीरात पोहोचवितो, ही खरी भीतीची गोष्ट होय. हे सत्य मनुष्यास फार उशिरा कळले. हिवताप दूषित हवेमुळे होतो, असे शतकानुशतके लोक मानीत होते. १८८० मध्ये लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरास अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसले. पण ते रक्तात शिरतात कसे, हे कोडे सुटले नव्हते.

ते कोडे भारतभूमीवर सुटले. अल्मोडा येथे जन्मलेले रोनाल्ड रॉस हे सैन्यातील डॉक्टर सिकंदराबादला नोकरीस होते. त्यांनी शेकडो डास सूक्ष्मदर्शक यंत्राखाली चिरून पाहिले होते. पण हाती काही लागले नव्हते. उकाडा असह्य होता. तरी डासांचे बारीक अवशेष उडून जातील म्हणून ते पंखा हलवू देत नसत. घामाने त्यांच्या यंत्राचे स्क्रू गंजून गेले. शेवटी हुसेन खान नावाच्या एका हिवतापाच्या रुग्णास त्यांनी विशिष्ट जातीचे डास चावू दिले. प्रत्येक डासामागे एक आणा, याप्रमाणे दहा डासांचे दहा आणे त्यास मिळाले. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांपैकी एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांस हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. या शोधाबद्दल १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि २० ऑगस्ट हा दिवस जगभर 'डास दिन' म्हणून पाळला जाऊ लागला. रॉस यांचे नाव ग्रंथांत राहिले, हे योग्यच झाले. परंतु तापाने फणफणलेल्या अंगावर डास चावू देणाऱ्या त्या गरीब रुग्णाचेही ऋण मानवजातीवर आहे.

भारत स्वतंत्र झाला, त्या वेळी या देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख माणसे त्याने दगावत असत. घरोघर कोयनेलच्या कडू गोळ्या परिचयाच्या झाल्या होत्या. १९५३ मध्ये शासनाने राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला आणि १९५८ मध्ये त्यास निर्मूलनाचे रूप दिले. खांद्यावर फवारणीचा पंप घेतलेले कर्मचारी खेड्याखेड्यांतून फिरू लागले. घरांच्या भिंती डीडीटीने पांढुरक्या झाल्या. या प्रयत्नांचे फळ थक्क करणारे होते. १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली. आता हिवताप संपला, असे सर्वांस वाटू लागले. आणि येथेच चूक झाली. दक्षता सैल पडली. डीडीटीस दाद न देणाऱ्या डासांची पिढी निर्माण झाली. १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा पुन्हा सुमारे ६४ लाखांवर गेला. केवळ विषाच्या बळावर डासाला जिंकता येत नाही, हा धडा देशास मोठी किंमत देऊन शिकावा लागला. पुढे अनेक उपायांची जोड देऊन हिवताप पुष्कळ आटोक्यात आणण्यात आला आणि २०३० पर्यंत त्याचे देशातून उच्चाटन करण्याचे ध्येय शासनाने समोर ठेवले आहे.

रोग पसरविणाऱ्या डासांच्या तीन जाती मुख्य होत. हिवताप पसरविणारा ॲनॉफेलीस डास बसतो तेव्हा त्याचे शरीर भिंतीशी तिरके होते. तो साधारणपणे स्वच्छ पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो. क्युलेक्स हा गटारांच्या घाण पाण्यात वाढतो. त्याच्यामुळे हत्तीरोग पसरतो. तिसरा एडिस. त्याच्या काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी चावतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे ताप पसरविणारा तोच. त्याला ना दलदल लागते, ना गटार. घरातील साठविलेले स्वच्छ पाणी त्याला सर्वांत प्रिय. म्हणून जतसारख्या प्रदेशाने सर्वांत अधिक सावध राहावयाचे, ते या एडिसपासून.

हे केवळ पुस्तकी भय नव्हे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी या गावी तापाची मोठी साथ आली. तापाबरोबर सांधे इतके आखडत, की धडधाकट माणसांनाही उठणे-बसणे कठीण होई. तो चिकुनगुन्या असल्याचे दिसून आले. आफ्रिकेतील एका भाषेत या शब्दाचा अर्थच 'वाकवून टाकणारा' असा आहे. बार्शीही जतप्रमाणे कमी पावसाच्या टापूतच मोडते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या साथीनंतर तीस वर्षांहून अधिक काळ हा रोग देशातून जणू नाहीसा झाला. लोक त्याचे नावही विसरले. परंतु २००५-०६ मध्ये तो पुन्हा उसळला आणि महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश या राज्यांतील खेडीच्या खेडी अंथरुणास खिळली. शेतीचे दिवस असूनही मजूर मिळेनात. ज्याचे पोट हातावर, त्याचे हातच आखडल्यावर घरात काय शिजणार? डासाचा दंश एवढासा. पण त्याचा घाव असा थेट चुलीपर्यंत पोहोचतो.

एडिसची मादी आपली अंडी पाण्यात न सोडता, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीस चिकटविते. भांडे रिकामे झाले, कोरडे पडले, तरी ती अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरले, की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून पाणी नुसते ओतून दिल्याने काम होत नाही. भांड्याची आतील बाजू घासलीच पाहिजे. आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळावा, असे आरोग्य खाते सांगते, त्याचे कारण हेच. डास तयार होण्यास आठ-दहा दिवस लागतात; तेव्हा दर सात दिवसांनी भांडी घासून कोरडी केली, तर एकही अळी पंख फुटेपर्यंत जगणार नाही.

उपाय सोपा आहे. पण जतच्या माणसास तो सोपा वाटत नाही. आरोग्यसेविका एखाद्या वस्तीवर येते आणि म्हणते, "आजी, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून वाळवा." आजीच्या कपाळास आठी पडते. ती म्हणते, "बाई, आठ दिसांनी पाणी येतंय. ते वतून दिलं, तर लेकरांस्नी काय पाजू?" या प्रश्नास हसून चालणार नाही. ज्या आजीने डोक्यावरच्या घागरींखाली जन्म काढला, तिला पाणी ओतावयास सांगणे म्हणजे शेतकऱ्यास बियाणे फेकून द्यावयास सांगण्यासारखे आहे. समंजस सेविका असे सांगत नाही. ती म्हणते, "आजी, पाणी टाकू नका; भांडं बदला."

हे असे करावयाचे. घरातील सर्व भांडी एकाच दिवशी रिकामी करण्याची आवश्यकता नाही. एक भांडे नेहमी रिकामे ठेवावे. भरलेल्या भांड्यातील पाणी स्वच्छ, दाट विणीच्या फडक्यातून त्यात गाळून घ्यावे. अळ्या फडक्यात राहतील. त्या कोरड्या तापलेल्या मातीवर झटकून टाकाव्यात. रिकाम्या झालेल्या भांड्याच्या कडा काथ्याने किंवा ब्रशाने आतून घासाव्यात आणि ते उन्हात पालथे घालावे. दुसऱ्या दिवशी त्यात पुढचे भांडे गाळावे. असे आठवडाभरात सर्व भांडी क्रमाने घासून होतात आणि पाण्याचा एक पेलाही वाया जात नाही. घासताना लागलेले थोडे पाणी परसातील शेवग्याच्या किंवा लिंबाच्या बुडाशी जाते. भरलेल्या भांड्याचे तोंड जुन्या धोतराच्या वा साडीच्या फडक्याने घट्ट बांधावे. नुसते फळकुट ठेवल्यास फटीतून डास आत शिरतो. गुरांच्या डोणीतील पाणी दर आठवड्यास बदलून डोण घासावी. मोठा हौद उपसणे शक्य नसेल, तर त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. हे इवलेसे मासे आरोग्य केंद्राकडून मिळतात आणि आपले काम रात्रंदिवस, विनावेतन करतात.

पाण्याविषयीची श्रद्धा आणि आरोग्याची निकड यांची गाठ पूर्वी मुंबईतही पडली होती. १९११ च्या सुमारास डॉक्टर चार्ल्स बेंटली यांनी त्या शहरातील हिवतापाची पाहणी केली. घरोघरच्या विहिरींतील व टाक्यांतील पाण्यात हिवतापाचे डास वाढतात, असे त्यांस आढळले. विहिरी बुजवाव्यात किंवा बंद कराव्यात, असे ठरू लागताच लोक अस्वस्थ झाले. कारण हिंदू व पारशी कुटुंबांत विहीर पूज्य मानली जात असे. शेवटी काही ठिकाणी विहिरींवर जाळीची व दाराची झाकणे बसवून मधला मार्ग काढण्यात आला. पाणीही राहिले आणि डासांचा प्रवेशही बंद झाला. लोकांच्या अडचणी समजून घेऊन सुचविलेला उपायच टिकतो, हे या प्रसंगावरून शिकण्याजोगे आहे.

घरात दक्षता घेतली आणि दारात डबके ठेवले, तर उपयोग नाही. फुटके डबे, टाकून दिलेली टायरे, नारळाच्या करवंट्या, कुंड्यांखालील बशा यांत पहिल्याच वळिवाचे पाणी साचते. ती वेळीच उचलावीत. संडासाच्या टाकीच्या वायुनळीस जाळीचे कापड बांधावे. न्हाणीचे व मोरीचे पाणी रस्त्यावर सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात घ्यावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघर असे शोषखड्डे घेऊन उघडी गटारे नाहीशी केली आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळविले. खड्ड्यात दगड-विटांचे तुकडे भरून मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसविली, की सांडपाणी जमिनीत मुरते. जतसारख्या ठिकाणी तर याचा दुहेरी लाभ आहे. डबके जाते आणि मुरलेले पाणी भूगर्भात साठते. कालव्याचे पाणी ज्या गावांत आले आहे, तेथे पाझराची डबकी व रानातील खड्डे बुजविण्याकडेही लक्ष द्यावयास हवे. पाणी आले, हे भाग्य. ते तुंबू न देणे, हे कर्तव्य.

इतके करूनही थोडे डास राहणारच. त्यांच्यापासून अंगाचे रक्षण करण्यास मच्छरदाणीसारखे साधन नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी नाईल नदीकाठचे मिसरी कोळी दिवसा ज्या जाळ्याने मासे धरीत, तेच रात्री अंथरुणाभोवती लावून डासांपासून बचाव करीत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात आणि ती कोठे फाटली असल्यास लगेच शिवावी. तान्हे मूल दिवसा झोपते आणि एडिसही दिवसाच चावतो. म्हणून पाळण्यावरही दिवसा जाळी असावी. सकाळ-सायंकाळ लांब बाह्यांचे व पाय झाकणारे कपडे घालावेत. दारेखिडक्यांस जाळी बसविणे शक्य असल्यास फार उत्तम. कडुलिंबाच्या पाल्याच्या धुरीने डास काही वेळ दूर पळतात. परंतु कोंडलेल्या खोलीतील धूर डोळ्यांस व फुप्फुसांस अपायकारक असतो. लहान मुले व दमेकरी असलेल्या घरात धुरीवर भिस्त ठेवू नये.

आणि ताप आलाच, तर? 'अंगावर काढीन' असे म्हणून घरी पडून राहू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. हिवतापाची तपासणी व औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरीनसारखी गोळी आपल्या मनाने मुळीच घेऊ नये. तिच्यामुळे रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. भरपूर पाणी, ताक, पेज घ्यावी व विश्रांती घ्यावी. पोटात तीव्र वेदना, सारख्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, अतिशय ग्लानी, ही लक्षणे दिसताच रुग्णास रुग्णालयात न्यावे. डेंग्यूमध्ये ताप उतरला, की धोका टळला असे समजू नये. पुष्कळदा ताप उतरतानाच प्रकृती बिघडते. तापाच्या रुग्णासही मच्छरदाणीतच निजवावे. कारण त्यास चावलेला डासच पुढे शेजाऱ्याच्या घरी रोग नेतो.

एडिस डास आपल्या जन्मस्थानापासून फार दूर उडत नाही. बहुतेक सारे आयुष्य तो दोन-चारशे पावलांच्या आत काढतो. याचा अर्थ असा, की ज्या डासाने आपणांस दंश केला, तो बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्याच पिंपात जन्मलेला असतो. म्हणून एकट्याचे घर स्वच्छ असून भागत नाही. आळीतील शंभर घरांपैकी पाच घरांनी आळस केला, तर उरलेल्या पंच्याण्णवांचे श्रम वाया जातात. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले पूर्वज सांगत. तसेच, साथ आल्यावर भांडी घासून फारसा उपयोग नाही. ती साथ येण्यापूर्वी घासावयाची असतात.

जतच्या माणसाने आजवर दुष्काळाशी झुंज दिली आहे. थेंब थेंब जपण्याची विद्या त्याला कोणी शिकवावयास नको. त्या विद्येस आठवड्यातून एकदा भांडे घासण्याची व त्याचे तोंड बांधण्याची एवढीशी जोड दिली, म्हणजे राखलेले पाणी घराला जीवनच देईल. त्यातून मरणाची गुणगुण उठणार नाही.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) कमी पावसाच्या प्रदेशातही डास का वाढतात?
(आ) डासाची मादी रक्त का शोषते?
(इ) डास चावलेल्या जागी खाज का सुटते? ती शमविण्याचे कोणतेही तीन उपाय सांगा.
(ई) भांडे नुसते रिकामे न करता घासणे आवश्यक का आहे?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) रोनाल्ड रॉस यांच्या शोधाची हकीकत आपल्या शब्दांत लिहा.
(आ) हिवतापावरील विजय १९६५ नंतर का टिकला नाही?
(इ) 'आजी, पाणी टाकू नका. भांडं बदला' या वाक्यातील मर्म स्पष्ट करा.

३. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.
वाटेकडे डोळे लागणे, अंथरुणास खिळणे, कपाळास आठी पडणे, अंगावर काढणे, पोट हातावर असणे.

४. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा.
दारेखिडक्या, सांडपाणी, पर्जन्यछाया, रात्रंदिवस.

५. उपक्रम : आपल्या घरी पाणी साठविण्याच्या सर्व भांड्यांची यादी करा. आठवड्यातील कोणत्या दिवशी कोणते भांडे घासावयाचे, याचे वेळापत्रक घरातील वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने तयार करून भिंतीवर लावा आणि एक महिना पाळून पाहा.